मागे भिंत, पुढे काका

मिररलेस कॅमेरा घेतलेल्या माणसाला लवकरच एक प्रश्न पडतो : आता लेन्स कोणती घेऊ, झूम की प्राइम? ज्या जाणकाराला तो हे विचारतो, तो उत्तर देत नाही. तो उलट विचारतो, "तुम्ही शूट काय करता?" इथे कॅमेरावाला जरा ताठ बसतो आणि म्हणतो, "लँडस्केप, स्ट्रीट आणि थोडं पोर्ट्रेट." आजवर एकाही मराठी माणसाने "आमच्या हिची भिशी, धाकट्याचं गॅदरिंग आणि चुलतसासऱ्यांची पंच्याहत्तरी" असं खरं उत्तर दिल्याचं ऐकिवात नाही. पुढचा सगळा घोळ या एका थापेतून सुरू होतो. लेन्स घेतली जाते लडाखसाठी आणि वापरली जाते डोंबिवलीत, दहा बाय बाराच्या हॉलमध्ये.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टँडर्ड झूम म्हणजे साधारण २४ ते ७० मिलिमीटरची लेन्स. तिचं कडं फिरवलं की २४ला अख्खी पंगत मावते आणि ७०ला त्यातल्या एकाच्याच मिशीला लागलेलं श्रीखंड दिसतं. प्राइमला हे कडं नसतं. ३५ म्हणजे ३५, ५० म्हणजे ५०. पंगत हवी असेल तर तुम्ही मागे जा, श्रीखंड हवं असेल तर तुम्ही पुढे या. वरवर हा वाद काचेचा दिसतो, पण मूळ तंटा हलायचं कोणी, याचा आहे. झूममध्ये काच हलते, प्राइममध्ये माणूस. आणि ज्या मुलखात लोकलच्या चौथ्या सीटसाठी "जरा सरका" म्हणावं लागतं आणि तरी कोणी सरकत नाही, तिथे हा तंटा साधा नाही.

या दोन्हींच्या आधी घरात आलेली असते ती किट लेन्स. साडीबरोबर ब्लाउजपीस यावा तशी ती कॅमेऱ्याबरोबर येते. तिच्यासाठी कोणी दुकानात गेलेलं नसतं, तिचं कौतुक कोणी करत नाही, आणि वेळेला तीच उपयोगी पडते. पण कॅमेरावाला तिच्याविषयी बोलताना "सध्या" हा शब्द घातल्याशिवाय राहत नाही. "सध्या किटवरच काढतोय." हे "सध्या" काही घरांत दहा वर्षं चाललेलं आहे.

आमच्या नात्यात या वादाचे दोन्ही पक्ष आहेत. माझा मेहुणा साताऱ्याचा, बँकेत अधिकारी, झूमचा कट्टर माणूस. त्याचं म्हणणं असं, की एका लेन्समध्ये सगळं होत असताना चार लेन्स बाळगणं म्हणजे एकाच बँकेत चार खाती उघडण्याचा प्रकार. माझा भाचा पुण्यात आयटीत आहे आणि प्राइमचा कट्टर. "मामा, झूम म्हणजे तडजोड," हे तो ज्या आवाजात म्हणतो, त्या आवाजात पूर्वी लोक राजीनामे देत असत.

भाच्याच्या बोलण्यात तिसऱ्या वाक्याला आँरी कार्तिए-ब्रेसाँ येतो. १९४८ साली गांधीजींच्या अंत्ययात्रेची ज्याने काढलेली छायाचित्रं जगभर गेली, तोच हा फ्रेंच छायाचित्रकार. त्याने आयुष्यातलं बहुतेक काम लायका कॅमेरा आणि ५० मिमीची लेन्स यांवर केलं, हे खरंच आहे. "त्याला कधी झूम लागली का?" भाचा विचारतो. मेहुणा शांतपणे म्हणतो, "त्याला कधी मुलीच्या आईने फोन करून 'विहीणबाईंचा एकटीचा फोटो एकही कसा नाही हो?' असं विचारलं का?" मग मेहुणा स्वतःचा इतिहास काढतो. स्थिरचित्रणाच्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी बाजारात आलेली पहिली झूम १९५९ सालची. फ्रँक बॅक नावाच्या अभियंत्याने आखलेली, फोग्टलेंडर कंपनीने विकलेली, ३६ ते ८२ मिमीची झूमार. "म्हणजे साठाहून जास्त वर्षं झाली दाजी, माणसाला जागचं न हलता काम करता यायला लागून. हा पोरगा अजून हलतोय."

दोघांचीही स्वप्नं वजनदार आहेत. मेहुण्याला कॅननची २८-७० एफ २ हवी आहे (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). तिचं वजन १ किलो ४३० ग्रॅम. भाच्याच्या मनात निकॉनची ५८ मिमी एफ ०.९५ नॉक्ट आहे. ती २ किलोची आणि तिचा फोकस हाताने करावा लागतो. मिररलेस कॅमेरा हलका असतो म्हणून आपण तो घेतला, हे दोघांनाही आठवत नाही.

खरं तर आठवू नये अशीच व्यवस्था आहे. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात सेन्सरपुढे आरसा हलायचा, त्याला जागा लागायची. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्सच्या बुडापासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिमी अंतर होतं. आरसा काढल्यावर नव्या झेड माउंटमध्ये ते १६ मिमी उरलं. कॅमेरा बारीक झाला, सगळ्यांना आनंद झाला. मग लेन्स नव्याने आखल्या गेल्या. निकॉनची जुनी ५० मिमी एफ १.८ होती १८५ ग्रॅमची. नवी झेड एस मालिकेतली ५० एफ १.८ आहे ४१५ ग्रॅमची. नवी लेन्स कोपऱ्यापर्यंत लख्ख चित्र देते, यात वाद नाही. पण आरसा काढून वाचवलेलं वजन काचेच्या रूपाने परत आलं आहे आणि त्याचे पैसेही वेगळे द्यावे लागले आहेत.

प्राइमवाल्यांचा खरा जोर असतो उजेडावर, आणि तिथे त्यांचं गणित बिनतोड आहे. स्वस्तातली किट झूम लांबच्या टोकाला एफ ५.६ वर येते. ५० मिमीची साधी प्राइम एफ १.८ पर्यंत उघडते. या दोन आकड्यांत उजेडाचा फरक जवळजवळ दहापट आहे. किटवर आयएसओ ६४०० लावून जो फोटो रवाळ येतो, तोच प्राइमवर ६४०च्या आसपास स्वच्छ येतो. महागड्या एफ २.८ झूमशी तुलना केली तरी एफ १.४ची प्राइम चौपट उजेड आत घेते. एवढं सांगून झालं की भाचा क्युब्रिकवर येतो. 'बॅरी लिंडन' या १९७५च्या चित्रपटासाठी स्टॅन्ली क्युब्रिकने मेणबत्त्यांच्या उजेडातले प्रसंग झाइसच्या ५० मिमी एफ ०.७ लेन्सवर टिपले, आणि ती लेन्स मुळात नासासाठी बनवलेली होती. भाचा हे ज्या हॉलमध्ये सांगतो तिथे दोन ट्यूबलाइट, एक झुंबर, देव्हाऱ्यातला बल्ब आणि दिवाळीनंतर काढायची राहून गेलेली माळ चालू असते.

"पण प्राइमवर झूम करता येत नाही त्याचं काय?" असं कोणी विचारलं, की सगळे प्राइमवाले एका सुरात म्हणतात, "पायांनी झूम करायचं!" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याचं घर मोठं असणार. एक तर पायांनी झूम होत नाही. दोन पावलं पुढे गेलात की समोरच्याचं नाक आणि त्याच्या मागचा डोंगर यांचं नातंच बदलतं. चेहऱ्याची ठेवण अंतरावर ठरते, मिलिमीटरवर नाही. २४ मिमीने चेहरा भरायला जवळ गेलात तर साधंसुधं नाक पेशवाई थाटाचं दिसतं, तो दोष लेन्सचा नसून तुमच्या सलगीचा असतो. झूमचं कडं फिरवल्याने फक्त चौकट लहानमोठी होते, पायांनी मात्र दृश्यच निराळं होतं. पाय मोलाचे आहेत, पण त्यांना झूम म्हणू नये.

आणि दुसरं, पाय ठेवायचे कुठे? रायगडावर टकमक टोकाशी उभ्या असलेल्या माणसाला "दोन पावलं मागे घे म्हणजे बसेल फ्रेममध्ये" हा सल्ला द्यायला काळीज घट्ट लागतं. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर ढोल पथकाच्या समोर सापडलात, की पुढे कोण जाणार आणि मागे कोण येणार हे गर्दी ठरवते. तिथे तुमचे पाय तुमचे नसतात. एक तर नक्कीच शेजारच्याच्या चपलेत असतो.

घराचं तर गणितच मांडून पाहावं. उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो काढायचा, वर-खाली थोडी हवा सोडायची. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमीने त्याला साधारण २.८ मीटर लागतात, ८५ने ४.७ मीटर. आपल्यातल्या बहुतेकांकडे असतो तो एपीएस-सी, म्हणजे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा. त्यावर हीच ५० मिमी ७५सारखी वागते आणि ४ मीटरहून जास्त जागा मागते. दहा बाय बाराच्या हॉलची लांबी साडेतीन मीटरच्या जरा वर. त्यात समोरच्याच्या मागची शोकेस धरा, फोटोग्राफरची स्वतःची जाडी धरा. म्हणजे बारशाच्या दिवशी बाळाला घेऊन उभ्या आईचा पूर्ण फोटो हवा असेल, तर फोटोग्राफरला दाराबाहेर, जिना ओलांडून, समोरच्या बिऱ्हाडात उभं राहावं लागेल. आमच्या इमारतीत हे शक्य आहे, पण समोरच्या काकू चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत आणि तोवर बाळ झोपतं. अशा घरात २४ मिमीवाला मेहुणा सव्वा मीटरवरून काम उरकून केव्हाच जिलबीवर बसलेला असतो.

झूम आणि प्राइम यांचा खरा सामना पाहायचा तर मंगल कार्यालयात जावं. भाचीच्या लग्नात मला तो फार चांगल्या जागेवरून पाहायला मिळाला, कारण मामा या नात्याने मी मुलीच्या मागेच उभा होतो. हल्ली पॅकेजमध्ये फोटोग्राफर दोन प्रकारचे असतात, ट्रॅडिशनल आणि कॅन्डिड. ट्रॅडिशनलच्या हातात २४-७० आणि डोक्यावर फ्लॅश. तो बोलतो. "ताई, इकडे बघा. काका, हात डोक्यावर ठेवा. काढू नका. परत ठेवा." आशीर्वाद तीनदा घेतला जातो, पण फोटो येतो. कॅन्डिडच्या अंगात काळा टी-शर्ट आणि हातात प्राइम. तो एक शब्द बोलत नाही. लोकांनी आपणहून हसावं, आपणहून डोळे टिपावेत आणि तेही खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून, अशी त्याची अपेक्षा असते.

अंतरपाट धरला गेला. ट्रॅडिशनलने जागेवरूनच कडं २४कडे नेलं आणि भटजी, अंतरपाट, मामा, करवली असं सगळं पोतंभर आत घेतलं. कॅन्डिडकडे ८५ होती. तो तिच्या हिशोबाने मागे मागे गेला. पण कार्यालयात फोटोग्राफर पाच मीटर मागे गेला, की मधे पाच मीटर मोकळी जागा तयार होते आणि मोकळ्या जागेत काका उगवतात. हे काका कोणाकडचे, हे शेवटपर्यंत कळत नाही. ते दोन्ही हात वर करून मोबाइलवर व्हिडिओ घेतात आणि त्यांची कोपरं बरोबर वधूवरांच्या चेहऱ्यांच्या उंचीवर येतात. कॅन्डिडच्या अल्बममध्ये या काकांचं टक्कल आहे, आणि एफ १.८वर टिपलेलं असल्यामुळे फार सुरेख धूसर आहे.

"लेन्स बदलायची मग!" असं म्हणणाऱ्याने मुहूर्त पाहिलेला नाही. सावधान होतं, अंतरपाट दूर होतो, हार पडतात, सगळं काही क्षणांत. त्यात अक्षतांचा मारा. मिररलेसची लेन्स काढली की सेन्सर दारातच बसलेला असतो, आडोशाला आरसाही नाही. काही कॅमेरे बंद केल्यावर शटर मिटून घेतात, पण ऐन मुहूर्ताला कॅमेरा बंद करण्याचा सल्ला कोण ऐकणार? म्हणून पोटापाण्यासाठी कॅन्डिड काढणारे हुशार लोक खांद्यांवर दोन पट्टे घालून दोन कॅमेरे वागवतात, एकावर ३५, दुसऱ्यावर ८५. झूम वापरायची नाही या तत्त्वासाठी अख्खा दुसरा कॅमेरा! मेहुण्याने हे पाहिलं आणि बराच वेळ तो काही बोलला नाही, नुसता २४वरून ७०वर आणि ७०वरून २४वर जात राहिला.

मग झाला ग्रुप फोटो. पुढच्या रांगेत मुलाकडची पाच माणसं, मागे आमच्याकडची पाच. कॅन्डिडने पाच मीटरवरून, ८५ मिमीने, एफ १.८वर टिपला. या आकड्यांत नीट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली जेमतेम ३७ सेंटिमीटर, म्हणजे दीड वीत. पुढची रांग पापण्यांसकट आली. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या आत्या मात्र आठवणीतल्यासारख्या आल्या. फोटो पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "आम्हाला कळतं बरं. मुलाकडचे कसे स्पष्ट आलेत." आता यावर डेप्थ ऑफ फील्ड समजावून सांगायला कोण जाणार? एफ ८वर गेला असता तर दीड मीटरहून जास्त खोली मिळाली असती आणि दोन घरांत काही बिनसलं नसतं. प्राइमलाही एफ ८ असतोच. पण एवढे पैसे देऊन एफ १.८ घेतल्यावर एफ ८ लावायचा, हे प्राइमवाल्याला हळद लागलेल्या नवऱ्याने सूट घालून दुकानात बसण्याइतकं अन्यायाचं वाटतं.

एवढं सगळं झाल्यावर मी मेहुण्याचे आणि भाच्याचे फोटो संगणकावर पाहिले. प्रत्येक फोटोबरोबर तो किती मिलिमीटरवर काढला याची नोंद असते. मेहुण्याचे फोटो जवळपास सगळे २४वर किंवा ७०वर. मधले आकडे क्वचित. म्हणजे या गृहस्थाकडे खरं पाहता दोन प्राइम आहेत, एकाच नळीत बसवलेल्या. आणि भाचा? तो रात्री सगळे झोपल्यावर आपले फोटो चारी बाजूंनी कापत बसला होता. काकांची कोपरं काप, मागचा पंखा काप, 'स्वागतम्'मधला 'तम्' काप. हल्लीच्या सेन्सरवर ४५ आणि ६१ मेगापिक्सेल असतात, त्यातून वाटेल तेवढं कापता येतं. कापणं म्हणजेच झूम. फक्त ती दिवसा सर्वांसमोर न करता रात्री केली.

वजनाचंही तसंच. "एक छोटीशी प्राइम घेऊन हलकं हिंडावं," असं भाचा म्हणतो, पण प्राइम एकटी कधी राहत नाही. ५० आली की ३५ची उणीव भासते, ३५ आली की ८५ची. निकॉनच्याच एफ १.८ एस मालिकेतल्या ३५, ५० आणि ८५ या तिघींचं वजन १ किलो २५५ ग्रॅम भरतं. त्याच कंपनीची पहिली झेड २४-७० एफ २.८ होती ८०५ ग्रॅमची. त्यातून तिघींना पावसाळ्यात बुरशीपासून जपायचं. कोकणात ज्यांचं घर आहे त्यांच्या तर ड्रायबॉक्समध्ये या लेन्स नातवंडांपेक्षा कोरड्या असतात.

मग घ्यावं काय? माझं मत बनलं आहे, आणि ते मला कार्यालयातल्या एका मावशींनी शिकवलं. त्यांच्याकडे मोबाइल होता. बहुतेक मोबाइलच्या पाठीवर दोन-तीन लेन्स असतात आणि त्यांतली एकेक जागच्या जागी ठरलेली, म्हणजे प्राइमच. मावशींना हे ठाऊक असायचं कारण नाही. पण सप्तपदी सुरू झाल्यावर त्या सरळ स्टेजवर चढल्या, ट्रॅडिशनलला हाताने बाजूला केलं, काकांना "अहो, व्हा की जरा पलीकडे" म्हणाल्या आणि काका झाले! होमाच्या धुरातून त्या वधूच्या पावलांपाशी बसल्या, फोटो काढला आणि उठताना भटजींनाही बाजूला सरकवून आल्या. पायांनी झूम करणं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हा कळलं, की प्राइमला एफ १.८ लागत नाही, नात्यात वजन लागतं. जिथे हवं तिथे बिनदिक्कत उभं राहण्याचा ज्याला अधिकार आहे, त्याची प्राइम चालते. ज्याला नाही, त्याने झूम घ्यावी. भाचा वधूचा सख्खा भाऊ, कानपिळीचा मान त्याचा, त्याला स्टेजवरून कोण उतरवणार? त्याची ३५ शोभून दिसते. मेहुणा पडला वधूच्या मामीचा भाऊ. त्याची जागा चौथ्या रांगेत, पंख्याखाली. तिथून त्याने झूमच वापरली पाहिजे आणि तो ती वापरत होता. दोघेही इतकी वर्षं काचेवरून भांडत होते, पण आपापली लेन्स त्यांनी नात्याप्रमाणे अचूक निवडली होती.

त्यामुळे आता मला कोणी विचारलं की मी कोष्टक सांगून मोकळा होतो. घरचं कार्य असेल तर ३५ किंवा ५०ची प्राइम. पत्रिकेवर तुमचं नाव हाताने लिहिलेलं असेल तर २४-७०. नुसतं 'सहकुटुंब सहपरिवार' असेल तर ७०-२००, आणि तीही दाराजवळून. पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली असेल, तर कॅमेरा घरी ठेवावा आणि वेळेवर पंगत धरावी.